टाके पिकताहेत, पण औषध बदलून थांबणार नाहीत

शहादा तालुक्यात दीड वर्षापूर्वी स्वतःचा दवाखाना काढलेल्या एका तरुण पशुवैद्यक ताईंचा प्रश्न आलाय. दोन महिन्यांत त्यांच्या हातच्या तीन जनावरांच्या जखमा पिकल्या. एक लॅब्राडोर कुत्री, तिची नसबंदी दवाखान्यात झाली. एक म्हैस, तिचं सिझेरियन अठरा किलोमीटर लांब गोठ्यावर झालं. एक शेळी, मांडीवरचं गळू फोडून साफ केलेलं. तिघींना आधी सेफ्ट्रायॅक्सोन, मग एन्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स दिली, गुण नाही. कुत्री आणि म्हैस दोघींच्या पुवाचं कल्चर केलं, म्हणजे त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिला. दोन्हीकडे स्युडोमोनास नावाचा जंतू आला आणि रिपोर्टमध्ये अमिकासिन व मेरोपेनेम सोडलं तर सगळीकडे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. औजारं उकळून अँटिसेप्टिकच्या ट्रेमध्ये ठेवतात, कापसाचे बोळे त्याच द्रावणाच्या जारमध्ये भिजत असतात, हेही त्यांनी लिहिलंय. विचारणं एवढंच, की मेरोपेनेम सुरू करू का, की त्याहून वरचं काही आहे?

ताई, मेरोपेनेम नको. का नको ते पुढे सांगतो. पण आधी तुमच्याच पत्रातली एक गोष्ट दाखवतो, तिच्यात अर्धं उत्तर आहे. म्हैस तुमच्या दवाखान्यात कधी आलीच नाही. तिने तुमचं टेबल पाहिलं नाही, पिंजरा पाहिला नाही, तुमच्या फरशीवर ती उभी राहिली नाही. तरी तिच्या जखमेत तोच जंतू आणि जवळपास तोच रिपोर्ट. मग जी वस्तू दवाखान्यातही होती आणि अठरा किलोमीटरवरच्या गोठ्यातही होती, ती शोधायची. तुमच्या बॅगेत काय काय गेलं होतं? औजारं, दोरा, बोळे, द्रावणाची बाटली आणि तुमचे हात. शोध एवढ्यापुरताच उरतो.

आता रिपोर्ट. आपल्याकडे सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे जंतूवर कोणतं औषध चालतं याचा, कागद हातात आला की नजर 'एस'च्या (चालणाऱ्या औषधांच्या) रकान्यावर जाते आणि 'आर'ची रांग पाहून छातीत धस्स होतं. तुमच्या कागदावर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट, सेफ्ट्रायॅक्सोन, डॉक्सीसायक्लिन, को-ट्रायमॉक्साझोल या चौघांपुढे 'आर' आहे. स्युडोमोनासच्या बाबतीत हे चारही 'आर' जन्मजात आहेत. या जंतूचं बाहेरचं कवचच असं, की ही औषधं आत नीट शिरत नाहीत, आणि जी शिरतात ती पंपाने बाहेर फेकली जातात. पेनिसिलीन कधीच न दिलेल्या जंगलातल्या मातीत सापडलेल्या स्युडोमोनासचा रिपोर्टही या चार औषधांपुढे असाच येईल. म्हणजे कुत्रीला पाच दिवस दिलेल्या सेफ्ट्रायॅक्सोनने तिच्या जखमेतल्या जंतूला काहीच केलं नाही. केलं ते तिच्या आतड्यातल्या आणि कातडीवरच्या इतर जंतूंना. त्यातले साधे मेले आणि चिवट तेवढे उरले. कागदावर कमावलेला रेझिस्टन्स एकच दिसतो, एन्रोफ्लॉक्सासिनचा. तो जंतू कुठेतरी आधी एन्रो चाखून आलेला आहे.

आणखी एक चूक सर्रास होते. मीही वर्षानुवर्षं ती पाहत आलोय. प्लेटवर औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ ज्याचं मोठं ते औषध जास्त चांगलं, असं समजून मिलिमीटरांची तुलना केली जाते. तसं नसतं. प्रत्येक औषधाची 'एस' ठरवण्याची हद्द वेगळी असते, औषध प्लेटमधल्या अगारच्या जेलीत पसरण्याचा वेगही वेगळा असतो. एकाचं अठरा मिलिमीटर 'एस' असू शकतं आणि दुसऱ्याचं वीस 'आर'. म्हणून अक्षर बघा, आकडा नको. आणि प्लेटवर 'एस' आलेलं औषध पुवाने भरलेल्या, मेलेल्या मांसाच्या खळग्यात पोचतच नसेल, तर ते अक्षरही उपयोगाचं नाही.

मेरोपेनेमबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये अँटिबायोटिक्सची जी यादी काढली, त्यात मेरोपेनेम ज्यात मोडतं तो कार्बापेनेम गट फक्त माणसांसाठी मंजूर असलेल्या औषधांत ठेवलाय. तुमच्याच तालुक्यातल्या एखाद्या बाळंतिणीला किंवा डायलिसिसच्या पेशंटला रक्तात जंतू गेले की शेवटी जे दोन-तीन उपाय हातात राहतात, त्यातला तो एक आहे. नसबंदीच्या टाक्यांसाठी तो वापरायचा नाही. आणि वापरला तरी पुढच्या महिन्यात चौथी जखम पिकेलच, कारण जंतू जिथून येतोय ती जागा तशीच राहील.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, म्हणजे मी काही नवखा राहिलो नव्हतो तेव्हा, अमळनेरच्या बाजूच्या माझ्या दवाखान्यात हेच झालं. दीड महिन्यात पाच जखमा. पू हिरवट, आणि त्याला एक गोडसर, पिकलेल्या द्राक्षांसारखा वास. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. तुम्हीही आज ड्रेसिंग काढताना वास घेऊन पाहा. मी औषधं बदलत गेलो, तीनदा बदलली. पाचांतली एक कुत्री गेली. तिचे मालक शाळेत गुरुजी होते. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि ते मला आजही सहन होत नाही.

शेवटी मानवी रुग्णालयातल्या एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंना फोन केला. त्यांनी औषधाचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या टेबलावर पिवळ्या पाण्याचा जार आहे का? त्यातलं पाणी पाठवा." सेट्रिमाइड-क्लोरहेक्सिडीनचं द्रावण, काचेचा मोठा जार, त्यात बुडालेले बोळे आणि उभा ठेवलेला लांब चिटल चिमटा. जार पाठवण्याआधी मी तो बेसिनमध्ये रिकामा केला आणि तळाशी बोट फिरवलं. बोट घसरलं. तळावर पातळ, बुळबुळीत थर होता, त्यात कापसाचे तंतू चिकटलेले. हा जार दोन वर्षांत एकदाही पूर्ण रिकामा झालेला नव्हता. कमी झाला की वरून पाणी आणि थोडं औषध ओतायचं, एवढंच चालू होतं. तीन दिवसांनी बाईंनी प्लेट दाखवली, सगळी हिरवी. जे द्रावण मी प्रत्येक चिरा देण्याआधी कातडीवर चोळत होतो, ते स्युडोमोनासचं पेरणीचं बी होतं.

अँटिसेप्टिकमध्ये जंतू कसा जगतो, असं कोणालाही वाटेल. स्युडोमोनास पाण्यातला जंतू आहे, त्याला खायला फार काही लागत नाही, आणि सेट्रिमाइडसारख्या क्वाटर्नरी अमोनियम औषधांना तो मुळातच दाद देत नाही. शिवाय आपण द्रावण स्वतःच मारतो. कापसाचे तंतू हे औषध स्वतःकडे ओढून धरतात, त्यामुळे बोळे टाकले की पाण्यातलं औषध उतरतं. साबणाचे हात आत गेले की साबण त्याला निकामी करतो. तापी-गोमाईच्या पट्ट्यात बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं, बादलीला पांढरा थर धरणारं, त्या पाण्यात विरघळवलं की ताकद आणखी कमी. रक्त-पू लागलेला चिमटा परत बुडवला की उरलंसुरलंही संपतं. मग राहतं ते पिवळं पाणी. रंग तसाच, वासही तसाच, म्हणून शंकाही येत नाही. आणि तळाचा थर म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती विणलेलं बायोफिल्म, त्याच्या आतल्या जंतूपर्यंत तर चांगलं औषधही कष्टाने पोचतं.

म्हणून तुमच्या जारवर आणि ट्रेवर माझा पहिला संशय. चिटल चिमट्याचा उभा डबा तर मी दवाखान्यातून कायमचा काढलाय, तुम्हीही काढा. बोळे आणि गॉज कोरडे, छोट्या छोट्या पुड्यांत ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करून ठेवायचे, एका जनावराला एक पुडी. द्रावण लागेल तेवढंच रोज सकाळी उकळून गार केलेल्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात करायचं, छोट्या बाटलीत, बाटलीवर तारीख घालून, आणि संध्याकाळी उरलेलं ओतून द्यायचं. बाटली धुऊन, ऑटोक्लेव्ह करून, कोरडी करूनच पुन्हा भरायची. वरून भर घालायची नाही, कधीच. परिचराला हे एकदा सांगून भागत नाही. माझ्याकडे जुन्या माणसाला द्रावण ओतून देताना जीव तुटायचा, 'औषध वाया जातंय' म्हणून. त्याला मी ती हिरवी प्लेट दाखवली, त्यानंतर सांगावं लागलं नाही.

औजारांचं. उकळणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. धनुर्वाताचे आणि फऱ्याचे जंतू बीजाणू करून बसतात, ते उकळत्या पाण्यात तग धरतात. आणि तुम्ही उकळलेली औजारं पुन्हा त्या ट्रेमध्ये बुडवता, म्हणजे केलेलं कामही मोडता. ऑटोक्लेव्ह लागतोच. १२१ अंश, १५ पौंड दाब, वीस मिनिटं, कापडात गुंडाळलेला गठ्ठा असेल तर तीस. घड्याळ लावायचं ते दाब आणि तापमान गाठल्यावर, गॅस पेटवल्यावर नाही. डबा ठासून भरायचा नाही, वाफ फिरायला जागा हवी. आतली हवा आधी निघून गेली पाहिजे, नाहीतर काटा १५ दाखवतो आणि आत तापमान कमी असतं. गठ्ठा ओला निघाला तर तो वापरायचा नाही, ओल्या कापडातून बाहेरचा जंतू आत झिरपतो. गठ्ठ्याला लावलेल्या ऑटोक्लेव्ह टेपवर काळे पट्टे उमटले म्हणजे गठ्ठा तापला, एवढंच कळतं, आतलं सगळं मेलं हे कळत नाही. सध्या पैशाची ओढ असेल तर घरातला मोठा प्रेशर कुकरही चालतो, त्याची शिट्टी साधारण त्याच दाबाला उठते. तळाशी जाळी ठेवा, पॅक पाण्याला लागू देऊ नका. गोठ्यावर जाताना दोन पूर्ण पॅक घेऊन जा. पहिल्या सिझेरियननंतर दुसरा फोन येतोच, आणि तेव्हा धुऊन पुसून तीच औजारं वापरायचा मोह होतो.

दोराही बघा. म्हशीला बार्बर थ्रेड घातला असेल आणि तो रिळातून कापून द्रावणात बुडवून वापरला असेल, तर तो अनेक धाग्यांचा, पिळाचा दोरा म्हणजे जंतूचं घर. एकेरी धाग्याचा, पाकिटबंद वापरा. कुत्रीच्या आतल्या थरात रेशीम घातलं असेल तर जखम भरून पुन्हा पुन्हा फुटत राहील, तो दोरा काढल्याशिवाय सुटका नाही.

कुलरकडे वळतो, कारण खान्देशात हा विषय टाळता येत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याखाली ऑपरेशन करायचं म्हटलं की कुलर लागतोच. पण कुलरच्या टाकीतलं साचलेलं पाणी आणि ओली खस स्युडोमोनासला फार मानवतात, आणि पंखा तो दमट वारा केस-धुळीसकट थेट उघड्या पोटावर फेकतो. म्हशीच्या बाबतीत कुलर दोषी नाही हे आपण पाहिलं, पण कुत्री आणि शेळीच्या बाबतीत तो सुटत नाही. ऑपरेशनच्या अर्धा तास आधी खोली गार करून कुलर बंद करा, किंवा त्याचं तोंड टेबलाकडून वळवा. पहाटे सहाला केसेस घ्या, मी उन्हाळ्यात तेच करतो. टाकी आठवड्याला रिकामी करून घासून वाळवायची.

फरशी, टेबल, पिंजऱ्यांबद्दल एकच गोष्ट मनावर घ्या: आधी धुणं, मग औषध. शेण, रक्त, लघवी असेल त्या जागी ब्लीच (हायपोक्लोराइट) टाकलं तर ते घाणीवरच खर्च होतं. शिवाय लघवीवर थेट हायपोक्लोराइट पडलं की घशाला लागणारा वायू सुटतो. साबणाने घासा, पाण्याने धुवा, वायपरने ओढून सुकवा, मग अर्धा टक्का हायपोक्लोराइट लावून दहा मिनिटं तसंच राहू द्या. पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग त्यात नऊ भाग पाणी, रोज ताजं. आपल्या उन्हात हायपोक्लोराइट फार लवकर उतरतं. खिडकीत ठेवलेला पाच लिटरचा कॅन दोन महिन्यांत कितपत उरला असेल हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून छोट्या बाटल्या घ्या, उत्पादनाची तारीख बघा, अंधाऱ्या गार जागी ठेवा. पोछा वाळू द्या. ओल्या पोछ्याने पुसणं म्हणजे एका खोलीतले जंतू दुसऱ्या खोलीत नेऊन लावणं.

क्लिपर, थर्मामीटर, कान तपासायची नळी, तोंडाची मुसकी, स्टेथोस्कोप आणि मोबाइल, यांना कोणी हात लावत नाही, म्हणजे पुसायला. प्रत्येक जनावरानंतर स्पिरिट. केस आदल्या रात्री काढायचे नाहीत, रात्रभरात ओरखड्यांवर जंतू बसतात. टेबलावर घेण्याआधी क्लिपरनेच काढा, ब्लेडने नको. अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवा, नखं कापा. पिकलेल्या जखमांची ड्रेसिंगं दिवसाच्या शेवटी.

नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. त्यानंतर आमच्या भागातल्या पोल्ट्रीवाल्यांनी शेडच्या दारात पाय बुडवायची टाकी केली, वेगळी चप्पल ठेवली, बाहेरची गाडी आत घेणं बंद केलं. त्यांना ते नुकसान डोळ्यांनी दिसलं होतं. आपण मात्र दिवसभर वीस गोठे फिरून त्याच बुटांनी ऑपरेशनच्या खोलीत जातो. खोलीसाठी वेगळी चप्पल ठेवायला दोनशे रुपयेही लागत नाहीत.

आता औषधाकडे, कारण रेझिस्टन्स दवाखान्यात वाढतो तसा गोठ्यातूनही येतो. दगडीचंच घ्या. म्हशीची कास सुजली की आधी गावातल्या मेडिकलमधून सडात भरायची ट्यूब येते. सड पुसला न पुसला, ट्यूबची नळी आत. दोन वेळा भरली, गाठ मऊ वाटली, की बंद. आठवड्याने पुन्हा कडक. मग वेगळी ट्यूब. तिसऱ्या खेपेला आपल्याला फोन येतो: "डाक्टरसाहेब, म्हैस चारा खाई नही ऱ्हायनी." तोवर कासेतला जंतू तीन औषधांची चव घेऊन बसलेला असतो. अशा वेळी चौथं औषध टोचण्याआधी दुधाचा नमुना घ्या. सड धुऊन कोरडा करा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसा, पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या, बाटली आडवी धरून मधली धार घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. तिथे सोय नसेल तर पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे नमुना कसा पाठवायचा ते तिथली मंडळी सांगतील. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर वारंवार पिळून कास रिकामी करणं, वेदना-सुजेचं औषध, एवढ्यावर पुष्कळ म्हशी तग धरतात. ताप चढलेली, बसलेली म्हैस असेल तर अर्थातच थांबायचं नाही.

आणि डोस. अंदाजाने 'वीस एमएल मोठ्या म्हशीला' हे सोडा. मोजायची टेप खिशात ठेवा. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी इंचात, भागिले ६६०, वजन किलोत मिळतं. घेर ७५ आणि लांबी ६० असेल तर पाचशे दहाच्या आसपास. अशी म्हैस आपण नजरेने साडेतीनशेची धरतो आणि तिसरा हिस्सा औषध कमी देतो. कमी डोसमध्ये जंतू मरत नाही, औषध झेलायला शिकतो. कोर्स सुरू असताना आणि लेबलवर दिलेले दिवस संपेपर्यंत दूध डेअरीला घालायचं नाही, हे मालकाला कागदावर लिहून द्या. आमच्याकडच्या बायकांना हे पटकन पटतं, कारण औषधाच्या दुधाला विरजण लागत नाही हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पीची त्या साथीतली राज्यातली पहिली नोंद झाली. त्या महिन्यांत आपण सगळेच रात्रंदिवस फिरलो. आजार विषाणूचा, तरी गावोगाव प्रत्येक गाठवाल्या बैलाला सेफ्ट्रायॅक्सोन गेलं, ताप असो नसो, गाठ पिकलेली असो नसो. लोक घाबरलेले होते, इंजेक्शन दिलं नाही तर डॉक्टरने काही केलंच नाही असं त्यांना वाटत होतं. काही ठिकाणी एकच सुई गोठ्यातल्या सगळ्या जनावरांत फिरली. तो दबाव तुमच्यावरही येतो, मला माहीत आहे. मी अशा वेळी जनावराला हात लावून, थर्मामीटर मालकाला दाखवून, लागणारं ते सगळं देतो: तापाचं, पाण्याचं, जखमेवर मलम, माश्यांचं औषध. आणि सांगतो, "हे अँटिबायोटिक आज लागत नाही, परवा गाठ पिकली तर मीच येऊन देईन." आणि परवा खरंच जातो. दोन-तीनदा शब्द पाळला की मालक आपणहून विचारायचं सोडतो.

कोलिस्टिनचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. माणसांसाठी जवळपास शेवटचं राखलेलं औषध, आणि कोंबड्यांच्या खाद्यातून वाढीसाठी दिलं जात होतं. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांच्या ई-कोलायमध्ये त्याला निकामी करणारा जनुक सापडला, तोही प्लास्मिडवर, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा. आपल्याकडे २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी आली. तुमच्या जुन्या साठ्यात कोलिस्टिनच्या पुड्या असतील तर त्या बाजूला काढा.

साध्या, स्वच्छ ऑपरेशनला अँटिबायोटिक लागलंच तर एक डोस, चिरा देण्याआधी अर्धा ते एक तास. चिरा देताना औषध मांसात असायला हवं, सगळं इंगित त्यातच आहे. टाके घातल्यावर सुरू केलेल्या पाच दिवसांच्या इंजेक्शनांनी टाके पिकायचे वाचत नाहीत, हे मी मनापासून सांगतो. म्हशीच्या सिझेरियनचं वेगळं, वासरू आत मेलेलं असेल तर ती जखम पहिल्यापासूनच दूषित असते आणि तिथे कोर्स द्यावा लागतो.

तिन्ही जनावरांचं आज काय करायचं ते सांगतो. जिथे पू आहे तिथले टाके काढा, खळगा उघडा होऊ द्या, आत राहिलेला दोरा शोधून काढा, मेलेलं मांस काढा. मांसाचा थर शाबूत आहे, पोट उघडं नाही, याची बोटाने खात्री करून मगच भरपूर सलाइनने धुवा. एक भाग साधं व्हिनेगर आणि चार भाग उकळून गार केलेलं पाणी, हे साधारण एक टक्का ॲसेटिक ॲसिड होतं, स्युडोमोनासला ते सोसत नाही. त्यात भिजवलेलं गॉज पाच-दहा मिनिटं जखमेवर ठेवा, मग सिल्व्हर सल्फाडायझिन. हे द्रावण पोटाच्या आत कधीही जाऊ द्यायचं नाही. कुत्रीच्या गळ्यात कॉलर घाला, चाटणं थांबलं नाही तर काहीच भरणार नाही. तिघींपैकी कोणाला ताप नसेल, खाणं-पिणं ठीक असेल, तर पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक देऊ नका. कुत्री सुस्त झाली, ताप चढला, तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून, अंगात पाणी भरून अमिकासिन. दुभत्या म्हशीला त्या गटातलं काही नको, ते मूत्रपिंडात महिनोन्महिने राहतं. हातमोजे घालूनच ड्रेसिंग करा, आणि तुमच्या परिचराच्या हाताला भेग किंवा चिरा असेल तर त्याला या कामाला लावूच नका. माझ्याकडच्या माणसाच्या अंगठ्याची भेग त्याच महिन्यात पिकली होती, बरी व्हायला दोन महिने लागले, आणि घरी त्याचं तान्हं बाळ होतं.

उद्या जार आणि ट्रे रिकामे करण्याआधी त्यांतलं दहा-दहा मिली द्रावण तळ ढवळून निर्जंतुक बाटलीत घ्या. तसंच हात धुण्याच्या नळाचं पाणी, पहिली धार. बॅगेत गोठ्यावर जाणाऱ्या बाटलीतलं द्रावण, हे सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्या दवाखान्याचे स्वॅब नकोत, पैसे जातील आणि कळणार काही नाही. प्रयोगशाळेला स्पष्ट लिहा की नमुन्यात अँटिसेप्टिक आहे, ते निष्प्रभ करणाऱ्या माध्यमात लावा. नाहीतर नमुन्यातलं औषध प्लेटवरही जंतूला दाबून ठेवतं, 'वाढ नाही' असा रिपोर्ट येतो आणि आपण निश्चिंत होतो. स्युडोमोनास वाढला तर त्याचीही सेन्सिटिव्हिटी करून मागा. मग कुत्रीचा, म्हशीचा आणि बाटलीचा असे तीन कागद शेजारी ठेवा, एन्रोफ्लॉक्सासिनची ओळ तिन्हींवर बघा, कारण कमावलेली खूण तीच आहे, आणि मला कळवा.